ओपल कुठल्या राज्याची

टॅलमन काउंटीत रोशेल कुचेराला सगळे ओळखत, पण ट्रॉयची बायको म्हणून. शाळेच्या स्वयंपाकघरात ती सहा वर्षं कामाला होती. माहेर मिनेसोटात, उत्तरेकडच्या मोठ्या सरोवराच्या काठी. लग्न होऊन नेब्रास्कात आली ती मक्याच्या शेतांत येऊन पडली. गावात नाव मात्र ट्रॉयचं होतं. धान्याच्या कोठारांवर तो मॅनेजर. कुठं आग लागली की बंब घेऊन पहिला धावणारा, शाळेच्या पोरांना कुस्ती शिकवणारा, चर्चच्या जेवणाला न सांगता टेबलं मांडणारा. एखाद्या म्हातारीची गाडी बर्फात रुतली की ती म्हातारी आधी ट्रॉयला फोन करी, मग मुलाला.

घरी तो मारत नसे. हीच रोशेलची अडचण होती. मारलं असतं तर वळ दाखवता आले असते. तो गाडीच्या किल्ल्या काढून घेई. तिला स्वयंपाकघरात उभं करून माफी मागायला लावी, आणि माफीचा सूर त्याला पटला नाही तर पुन्हा मागायला लावी. आवाज चढवत नसे. "नीट माग," एवढंच म्हणे. हे कोणाला सांगायचं? आणि सांगितलं तरी त्यात सांगण्यासारखं काय होतं?

ती सात वर्षांच्या ओपलकडे बघून दिवस काढत होती. ओपल अजून यात आली नव्हती, असं ती स्वतःला समजावत असे.

ऑक्टोबरात मका निघाला. ट्रॉयच्या आईच्या, अर्लीनच्या शेतावर मका साठवायची पत्र्याची उंच कोठी होती, दुमजली घराएवढी. त्या रविवारी सगळे तिकडे जेवायला गेले होते. रोशेलने नाताळात बहिणीकडे जायचा बेत बहिणीशी फोनवर परस्पर ठरवला, हे ट्रॉयला सकाळी कळलं होतं. जेवणाआधी त्याने ओपलला कडेवर घेतलं, कोठीची शिडी चढून वर गेला, छताचं झाकण उघडलं आणि तिला काठावर बसवलं, पाय आत सोडून. खालून यंत्राने मका उपसणं चालू होतं.

त्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत असतं की हलता मका माणसाला गिळतो. उभा माणूस बघता बघता गळ्यापर्यंत जातो, आणि मग दोरी लावूनही निघत नाही. टॅलमन काउंटीने अशा दोन शवपेट्या उचलल्या होत्या, आणि दोन्ही वेळी आत उतरून देह काढणारा ट्रॉयच होता.

वरून तो शांतपणे म्हणाला, "आता सांग. कोणाच्या परवानगीने ठरवलंस?"

रोशेल अंगणात गुडघ्यांवर बसली. माफी मागितली. तो म्हणाला, नीट ऐकू आलं नाही. तिने पुन्हा मागितली. ओपल रडत नव्हती. बापाचा हात घट्ट धरून खाली आत बघत होती. अंगणाच्या पलीकडे अर्लीन दोरीवर चादरी घालत होती. तिने मान वर करून बघितलं. मग टोपली उचलली आणि घरात गेली.

थोड्या वेळाने ट्रॉय मुलीला घेऊन खाली उतरला. सगळे जेवायला बसले. अर्लीनने भाजलेलं मांस वाढलं, जर्दाळू भरलेले गोड पाव, कोलाचे, वाढले. ट्रॉयने आईची तारीफ केली. रोशेलने घास गिळले.

पुढच्या शनिवारी ट्रॉय बंबवाल्यांच्या कवायतीला शेजारच्या गावी गेला तेव्हा तिने ओपलला झोपेतल्या कपड्यांतच गाडीत घातलं. किल्ल्यांचा दुसरा जुडगा तिने शाळेच्या फ्रीजरमागे कधीचा ठेवला होता. सबंध आयोवा ओलांडेपर्यंत ती फक्त पेट्रोलसाठी थांबली.

बहीण कॉलीन सरोवराकाठी ग्रॅनाइट हार्बरला राहायची. धुरावलेल्या माशांचं दुकान आणि वर घर. दारात दोघींना बघून तिने काही विचारलं नाही. "दोन खोल्या आहेत," ती म्हणाली. "एकीत मी, एकीत मासे. माशांना हलवते."

सोमवारी कॉलीन तिला मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेत घेऊन गेली. तिथं मेरिट ओडेगार्ड नावाची तरुण वकील होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि त्याच दुपारी न्यायाधीश एकोलांपुढे अर्ज केला. एकोला म्हातारे, हळू बोलणारे. त्यांनी रोशेलला कोठीबद्दल तीनतीनदा विचारलं: झाकण केवढं, यंत्र चालू होतं का, मुलीचे पाय कुठं होते. ती सांगत गेली. लग्नानंतर पहिल्यांदाच तिचं कोणी न हसता, न थांबवता ऐकून घेत होतं. त्यांनी तातडीचा हुकूम दिला: ओपल आईपाशी राहील, बापाने जवळ यायचं नाही.

रोशेलला वाटलं, सुटलो.

मग एकोला म्हणाले, "मॅडम, मी तुमच्यावर विश्वास ठेवतो. पण एक गोष्ट समजून घ्या. ही मुलगी नेब्रास्काची आहे."

बाहेरच्या बाकावर मेरिटने समजावलं. मूल गेले सहा महिने जिथं राहिलं ते त्याचं घरचं राज्य, आणि मूल कोणाकडे राहणार याचा निकाल त्याच राज्याने द्यायचा. नाहीतर ज्याला जो निकाल हवा तो मूल उचलून त्या राज्यात पळेल. मूल संकटात असेल तर दुसरं राज्य त्याला आसरा देऊ शकतं, पण थोडे दिवस. हा हुकूम पुढच्या आठवड्याच्या शुक्रवारी संपतो. त्याच्या आत एकोलांनी नेब्रास्काच्या न्यायाधीशांना फोन करून दोघांनी ठरवायचं, पुढे काय.

"म्हणजे दोन न्यायाधीश आपसांत बोलणार?"

"कायद्यानेच सांगितलंय बोलायला."

"माझ्याबद्दल?"

"ओपलबद्दल," मेरिट म्हणाली.

रोशेलने विचारलं की तिथले न्यायाधीश ट्रॉयला ओळखतात का. मेरिट खोटं बोलली नाही. "ओळखत असतीलही," ती म्हणाली.

टॅलमन काउंटीच्या पोलिसाने ट्रॉयच्या हातात मिनेसोटाच्या हुकमाची प्रत दिली. तो पोलीस त्याच्याबरोबर बंबावर जाणारा. बुधवारी दुकानातला फोन वाजला. कॉलीनने उचलला आणि रोशेलकडे दिला. ट्रॉयच होता. आवाज नेहमीसारखा गोड. त्याने सांगितलं की इथल्या कोर्टाने ओपलचा ताबा त्याला दिलाय, हुकूम हातात आहे, शिक्क्यासकट. तिकडच्या पोलिसांनाही तो मानावा लागेल.

"मी शुक्रवारी निघतो," तो म्हणाला. "तिचा जाड कोट बरोबर आणतोय. तिथं थंडी असेल."

रोशेल फोन हातात धरून उभीच राहिली. कॉलीनने तो तिच्या बोटांतून सोडवून जागेवर ठेवला.

आता एका मुलीवर दोन राज्यांचे दोन हुकूम होते, एकमेकांच्या उलट. मेरिट धावत कोर्टात गेली. एकोलांच्या कचेरीने सोमवारपासूनच नेब्रास्काला निरोप ठेवायला सुरुवात केली होती. तिथल्या न्यायाधीश बर्निस पोहल पाच काउंट्या सांभाळत. आज या गावी, उद्या त्या. कारकून म्हणे, बाई खुनाच्या खटल्यात आहेत, ज्युरी बसलीय, निरोप देते. बुधवारी पुन्हा फोन केला. निरोप दिलाय, म्हणाली. गुरुवारी कारकूनच रजेवर.

मेरिटने सांगितलं होतं की कोर्टात येऊन बसायची काही गरज नाही, पण रोशेल रोज सकाळी जाऊन एकोलांच्या दालनाबाहेर बाकावर बसे. दार उघडलं की उठे. पहारेकऱ्याने तिला कॉफी आणून दिली. ती तिथंच गार झाली. लोक येत होते, दंड भरत होते, परवाने काढत होते. तिला आश्चर्य वाटायचं की हे सगळे इतके सावकाश कसे चालतात.

गुरुवारी दुपारी ती उठली, घरी गेली आणि ओपलचे कपडे पिशवीत भरायला लागली. सरोवराच्या काठाकाठाने सरळ उत्तरेला गेलं की कॅनडाची हद्द. तीन तासांची वाट. कॉलीन मासे कापता कापता वर आली, हाताला खवले तसेच.

"कुठं चाललीस?"

रोशेलने सांगितलं.

"आणि मग?" कॉलीन म्हणाली. "तिथून पुढं कुठं? ओपलच्या जन्माचा दाखला तरी आहे का तुझ्याकडे? हद्दीवर अडवलं की तू पोर पळवणारी ठरलीस. मग तो जे सांगतोय ते सगळं खरं होईल. त्याला आयतं मिळेल."

"खरंखोटं ठरवणार कोण? ते दोन न्यायाधीश बोलतायत का?" रोशेल म्हणाली. "एक फोन, कॉलीन. लोक पिझ्झा मागवायला करतात. एक फोन लागत नाही यांना. माझं मूल कोठीच्या तोंडावर बसवलं त्याने, आणि बाई कामात आहेत."

कॉलीन खाली बसली. ती म्हणाली, "उद्या संध्याकाळपर्यंत थांब. उद्या काही झालं नाही, तर मी गाडी चालवते."

ओपल दारात उभी होती. तिने विचारलं, आपण परत गाडीत झोपणार का? रोशेलने पिशवीतले कपडे एकेक करून काढून ठेवले. नाही, म्हणाली.

शुक्रवारी सकाळपासून बर्फ पडत होता. साडेबाराला एकोलांच्या कारकुनाने बाहेर येऊन रोशेलला आत बोलावलं. फोन आला होता. मेरिटने तिच्या दंडाला धरून कानात सांगितलं: ऐकायचा तुला हक्क आहे, बोलायचं फक्त विचारलं तर. टेबलावर फोन मोठ्या आवाजात लावला होता, टंकलेखक बाई शब्द टिपायला बसली होती. नेब्रास्काच्या बाजूने ट्रॉयचा वकील जोडला होता. आणि ट्रॉय स्वतः, त्याच्या मोबाइलवर. त्याच्या मागून ट्रकांचा आवाज येत होता. तो वाटेत होता.

"बर्निस पोहल," फोनमधून बाईंचा खरखरीत आवाज आला. "माफ करा, एकोलासाहेब. निरोप मला काल संध्याकाळी मिळाले, सगळे एकदम. ज्युरी जेवायला गेलीय तेवढाच वेळ आहे, आणि मी जेवत जेवतच बोलतेय. तिकडे बर्फ पडला का?"

"सकाळपासून," एकोला म्हणाले. "तुमच्याकडे?"

"नुसता वारा."

रोशेलने टेबलाची कड धरली. ते बर्फाबद्दल बोलत होते. ती नखं रुतवून बसली.

मग पोहलबाई कामावर आल्या. त्यांनी सांगितलं की ताब्याच्या हुकमावर सही केली तेव्हा त्यांना एवढंच कळवलं होतं की आई काही कारण नसताना निघून गेली आणि पत्ता लागत नाही. मिनेसोटात आधीच हुकूम झालाय, हे कोणी सांगितलं नव्हतं. "वकीलसाहेब, तुम्हाला माहीत होतं?"

वकील म्हणाला, त्याच्या अशिलाने त्याला सांगितलं नव्हतं.

"मिस्टर कुचेरा, तुमच्या हातात तो हुकूम दिला होता का?"

"कागद मिळाला होता, मॅडम," ट्रॉय अदबीने म्हणाला. "मला वाटलं, दुसऱ्या राज्याचा कागद आपल्याकडे चालत नाही."

"शपथेवर लिहून देताना विचारलं होतं, दुसऱ्या कुठल्या कोर्टात काही चालू आहे का. तुम्ही 'नाही' असं लिहिलंत."

"गैरसमज झाला, मॅडम."

"तुम्ही आत्ता कुठं आहात?"

"आयोवात. जवळजवळ मिनेसोटाच्या हद्दीवर."

"गाडी वळवा," पोहलबाई म्हणाल्या. "मी माझा हुकूम मागे घेतेय. तो दाखवून तुम्ही कुठल्याही पोलिसाला दारात नेलंत, तर ते मला कळेल."

फोनमध्ये फक्त ट्रकांचा आवाज राहिला. मेरिटने रोशेलचा हात दाबला.

एकोलांनी घसा साफ केला. ते म्हणाले की मुलगी आईजवळ आणि मावशीजवळ सुरक्षित आहे, ओडेगार्डबाईंचा अर्ज त्यांनी वाचलाय, आणि नेब्रास्का हे प्रकरण सोडायला तयार असेल तर ते ठेवून घ्यायला तयार आहेत. कायदा तशी मुभा देतो. हे रोशेलला कोणी सांगितलं नव्हतं, की हे असंही होऊ शकतं.

फोनमधून जेवणाचा डबा बाजूला सरकवल्याचा आवाज आला.

"नाही," पोहलबाई म्हणाल्या. "मी विचार केला. मुलगी जन्मापासून इथं वाढली. शाळा इथली, डॉक्टर इथला. ती कोठी इथं आहे. कोणी काही बघितलं असेल तर ते लोक इथले आहेत, आणि त्यांना मिनेसोटाला कोण आणणार? हे मी सोडणार नाही."

रोशेल कधी उठून उभी राहिली ते तिला कळलं नाही. "तिथं कोणी बोलणार नाही," ती म्हणाली.

मेरिटने तिला खाली ओढलं. एकोलांनी हात वर केला. "कोण बोललं?" पोहलबाईंनी विचारलं. आई, असं एकोलांनी सांगितलं. "बोलू द्या."

इतके दिवस मनात घोळवलेली वाक्यं रोशेलला एकही आठवेना. ती फोनकडे बघत म्हणाली, "मॅडम, तिथं त्याला सगळे ओळखतात. मला कोणी ओळखत नाही. मी तिथं आले, तर तुम्ही त्याच्याच गावात बसून त्याच्याच माणसांना विचारणार."

"तुमच्या गावात मी महिन्यातून दोनदा येते," पोहलबाई म्हणाल्या, "आणि जेवण घरून आणते. मला तिथं कुत्रंही ओळखत नाही. मी तुम्हाला काही वचन देत नाही, मिसेस कुचेरा. पण जे तिथं बघितलं गेलं, ते मी तिथंच विचारणार. सुनावणीपर्यंत मुलगी तुमच्यापाशी राहू दे. एकोलासाहेब, तुमचा हुकूम तोवर वाढवाल?"

एकोला म्हणाले, वाढवतो. तारीख ठरली, डिसेंबरातली. पोहलबाईंची ज्युरी परत आली होती. फोन बंद झाला.

बाहेर आल्यावर मेरिट म्हणाली की हे चांगलं झालं, खरंच चांगलं झालं. रोशेलने मान हलवली आणि भिंतीला टेकली. तिला फक्त एवढंच कळलं होतं की परत जायचंय.

डिसेंबरात ओपलला कॉलीनकडे ठेवून ती एकटी गेली. काउंटीच्या बाहेर, हमरस्त्यावरच्या मोटेलात उतरली, ट्रकवाल्यांच्या शेजारी. तिकडच्या मोफत वकिलाने तिला आधीच सांगून ठेवलं होतं की साक्षीदार मिळाले नाहीत. शाळेच्या स्वयंपाकघरातल्या दोघींना त्याने फोन केला होता. एकीने उचलला नाही, दुसरी म्हणाली की रोशेल चांगली आहे पण घरातलं आपल्याला काय ठाऊक.

कोर्टात ट्रॉयच्या बाजूची बाकं भरली होती. बंबावरचे चौघे, शाळेचे मुख्याध्यापक, चर्चमधली जोडपी. रोशेलच्या बाजूला तिची पर्स. पोहलबाई फोनवरच्या आवाजावरून वाटल्या होत्या त्यापेक्षा ठेंगण्या निघाल्या. एकामागून एक लोक येऊन ट्रॉयबद्दल चांगलं बोलले, आणि कोणी खोटं बोललं नाही. त्याने त्यांच्यासाठी खरंच सगळं केलं होतं. रोशेल ऐकत होती, आणि तिला वाटत होतं, या खोलीत मी खोटी आहे.

ती स्वतः उभी राहिली तेव्हा ट्रॉयच्या वकिलाने तिला विचारलं की नवऱ्याने कधी हात उगारला का. नाही, ती म्हणाली. मुलीला कधी मारलं का. नाही. कोठीवर नेलं त्या दिवशी मुलगी रडत होती का. नाही. शेतकऱ्याची मुलं कोठीवर चढतात, हो की नाही? हो. तिची उत्तरं तिच्याच कानाला ट्रॉयच्या बाजूची वाटू लागली. ती खाली बसली. तिच्या मनात एकच हिशेब चालला होता: इथून मोटेल, मोटेलातून गाडी, सरोवर, ओपल, आणि ट्रॉयच्या आधी आपण पोचतो का.

शेवटी त्याच्या वकिलाने अर्लीनला बोलावलं. बाप म्हणून तो कसा आहे, हे सांगायला. अर्लीनने ठेवणीतला कोट घातला होता. तिने सांगितलं की ट्रॉय पोरीला जीव लावतो, तिच्यासाठी झोपाळा बांधला, तिला पोहायला शिकवलं. वकील खाली बसला. रोशेलच्या वकिलाने दोन प्रश्न विचारले, त्यातून काही निघालं नाही. अर्लीन उठायला लागली.

"थांबा जरा," पोहलबाई म्हणाल्या. "त्या रविवारी तुम्ही अंगणात होतात?"

"कपडे वाळत घालत होते."

"कोठीवर काय चाललंय ते दिसत होतं?"

अर्लीनने मुलाकडे बघितलं नाही. रोशेलकडेही नाही. हातातल्या पर्सचं बक्कल ती उघडत होती, लावत होती.

"मी घरात गेले," ती म्हणाली.

"मी विचारलं, दिसत होतं का."

"दिसत होतं म्हणून तर गेले."

पोहलबाईंनी आवाज खाली आणला. का गेलात, त्यांनी विचारलं.

अर्लीन म्हणाली की तिला बघवलं नाही. मग कोणी काही न विचारता तिने सांगितलं की ट्रॉय दहा वर्षांचा असताना त्याच्या बापाने त्याला तसंच तिथं बसवलं होतं, तेव्हाही ती कपडेच वाळत घालत होती. "तेव्हाही मी घरात गेले," ती म्हणाली.

ट्रॉयचा चेहरा रोशेलने लग्नानंतर पहिल्यांदाच असा बघितला, ज्यावर कुठला भाव ठेवावा हे त्याला सुचत नव्हतं. तो उठला आणि बाहेर गेला. बंबावरच्या चौघांपैकी एकजण त्याच्यामागून निघाला आणि दारातच थांबला.

निकाल त्याच दुपारी लागला. ओपल आईकडे राहील. ट्रॉयने तिला भेटायचं ते तिसऱ्या माणसाच्या देखत, ठरलेल्या जागी. रोशेलने टेबलावर डोकं टेकवलं. तिच्या वकिलाने तिला हळूच हलवलं, कारण अजून संपलं नव्हतं. घटस्फोटाचा शेवटचा निकाल लागेपर्यंत मुलीला नेब्रास्कात राहावं लागेल. बापाला भेटता यायला हवं, आणि प्रकरण इथलं आहे. राज्य सोडायचं तर कोर्टाची परवानगी लागेल.

"म्हणजे मला परत यायचं?" रोशेलने विचारलं.

"ओपलला यायचंय," वकील म्हणाला. "तुम्ही कुठं राहायचं ते तुमच्यावर आहे."

यावर ती हसली. त्या महिन्यातलं तिचं ते एकच हसणं, आणि त्यात आनंदाचं काही नव्हतं.

जानेवारीत कॉलीन ओपलला घेऊन आली. टॅलमनपासून दोन तासांवरच्या गावात रोशेलने न्हाव्याच्या दुकानावरची जागा घेतली आणि वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. कॉलीन दोन दिवस राहिली. निघताना दोघी बहिणी जिन्यात एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. जिंकलीस म्हणायचं का गं, कॉलीनने विचारलं.

तो हिवाळा तिने काढला, पण कसा काढला ते ती आजही नीट सांगू शकत नाही. दर दुसऱ्या शनिवारी ती ओपलला भेटीच्या खोलीत पोचवायची आणि खाली गाडीत बसून राहायची, इंजिन चालू ठेवून. ट्रॉय हसतमुखाने यायचा. तिथल्या बाईला कॉफी आणायचा. वसंतापर्यंत ती बाईही त्याच्याबद्दल चांगलं बोलायला लागली होती, आणि रोशेलला पुन्हा दरदरून घाम फुटायला लागला होता. कुठं एखादी सही चुकेल, एखादा न्यायाधीश बदलेल, कोणीतरी म्हणेल की झालं ते झालं. फोन वाजला की ती आधी ओपल कुठं आहे ते बघायची, मग उचलायची.

अर्लीन एकदा आली. जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी होती, हातात डबा. मुलगा आपल्याशी बोलत नाही, एवढंच ती म्हणाली. रोशेलने डबा घेतला. वर ये, असं तिच्याच्याने म्हणवलं नाही. अर्लीनलाही ते कळलं असावं, ती लगेच निघाली. नंतर पुन्हा आली नाही.

घटस्फोट व्हायला दीड वर्ष लागलं. तोवर ट्रॉयने शनिवार चुकवायला सुरुवात केली होती. आधी एखादा, मग बरेच. गावात त्याला दुसरी कोणी भेटली होती. रोशेलने मिनेसोटाला जायची परवानगी मागितली, तेव्हा त्याच्या वकिलाने विरोध नोंदवला, पण ट्रॉय स्वतः सुनावणीला आला नाही. परवानगी मिळाली. मूल मिनेसोटात रुळलं की प्रकरण तिकडे सोपवायचं, असं ठरलं, आणि त्यासाठी पोहलबाईंनी एकोलांना पुन्हा फोन केला. या वेळी रोशेलला बोलावलं नव्हतं. तिला ते वकिलाकडून कळलं, वृद्धाश्रमात, दुपारची ताटं धुताना. तो म्हणाला की काही अडचण आली नाही, पाच मिनिटांत झालं.

"पाच मिनिटांत," रोशेल म्हणाली.

तिने फोन ठेवला आणि कोठीघरात जाऊन पिठाच्या पोत्यावर बसली. मालकीणबाई तिला शोधत आल्या, काय झालं म्हणाल्या. काही नाही, ती म्हणाली, आणि उरलेली ताटं धुतली.

शाळा सुटल्यावर तिने ओपलला गाडीत सांगितलं की आपण कॉलीनमावशीकडे जातोय, कायमचं. ओपलने आधी विचारलं, सुट्टी संपेपर्यंत ना? मग तिला कळलं. तिला जायचं नव्हतं. समोरच्या घरातली मुलगी तिची जिवाची मैत्रीण होती, दोघी बँडमध्ये होत्या, पुढच्या वर्षी दोघींना क्लॅरिनेट वाजवायला मिळणार होती. हे सगळं कोणी ठरवलं, ती रडत विचारत होती. मला कोणीच का नाही विचारलं?

रोशेलने गाडी न्हाव्याच्या दुकानासमोर थांबवली, पण उतरली नाही. सांगण्यासारखं पुष्कळ होतं आणि त्यातलं एकही तिला सांगायचं नव्हतं. ती ओपलचं बोलणं पूर्ण होईपर्यंत ऐकत राहिली.